इंजिनच्या वेल्डिंग सेटला वायर फीडर कोणता जोडावा? (बार्ज आणि खाणीच्या साइटवरचं काम)

जुवारीकाठ

मंडळी, नमस्कार. ट्रॉलीवरचा डिझेल वेल्डिंग सेट आहे, ४०० अँपिअरचा. ६० टक्के ड्युटी सायकलला (दहातली सहा मिनिटं आर्क) ३०० अँपिअर. आजवर त्यावर रॉडच चालतो, ७०१८ आणि ६०१३, ३.१५ आणि ४ मिमी. आता वायर फीडर, म्हणजे तार आपोआप पुढे ढकलणारं यंत्र, जोडायचा विचार आहे.

काम दोन तऱ्हेचं. कुठ्ठाळी-लोटलीच्या बाजूला काठावर ओढलेल्या बार्जच्या प्लेटा बदलणं: ८ ते १२ मिमी, तळाला ओव्हरहेड, बाजूंना व्हर्टिकल. आणि डिचोलीकडे खाणीच्या साइटवर हॉपर, च्यूट, कन्व्हेयरची फ्रेम, लोडरच्या बकेटला पट्ट्या. सेट ते काम अंतर २५-३० मीटर धरा. केबल ५० चौरस मिमी.

दुकानात तीन वस्तू दाखवतात. एक सूटकेससारखा बंद फीडर, जो म्हणे आर्कच्या व्होल्टेजवरच चालतो आणि त्याला वेगळी कंट्रोल केबल लागत नाही. दुसरा वर्कशॉपमधल्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) मशीनसारखा उघडा फीडर, कंट्रोल केबलवाला. तिसरी स्पूल गन. सेटच्या पॅनेलवर ‘स्टिक’ आणि ‘वायर’ असा खटका आहे, पण ‘वायर’वर टाकून कधी काही जोडलेलं नाही. गॅसची तार घ्यावी की बिनगॅसची, हेही सांगा.

वेर्णा_वेल्ड

फीडरची किंमत विचारण्याआधी तुमचा सेट नेमकं काय देतो ते मोजा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

रॉडच्या कामात हात हलला, आर्क लांब-आखूड झाला तरी करंट फारसा बदलू नये, म्हणून सेट करंट धरून ठेवतो. याला सीसी म्हणतात. तारेच्या कामात तार ठरलेल्या वेगाने येतच राहते, त्यामुळे आर्कची लांबी टिकवायचं काम सेटवर पडतं. व्होल्टेज धरून ठेवणारा सेट, म्हणजे सीव्ही, तार प्लेटच्या जवळ आली की क्षणात करंट वाढवतो. टोक लवकर वितळतं आणि आर्क पुन्हा जागेवर येतो. सीसी सेटला हे जमत नाही. मग तार एकतर प्लेटमध्ये ठोकरत राहते, नाहीतर जळत मागे येऊन टिपला (टॉर्चच्या टोकाची तांब्याची नळी) चिकटते.

मोजायची रीत अशी. होल्डर सोडवून ठेवा, इंजिन पूर्ण आरपीएमवर आणा, ऑटो-आयडल (काम नसताना इंजिन आपोआप मंद करणारी सोय) बंद करा. मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर लावून दोन स्टडवर टेकवा. खटका ‘स्टिक’वर असताना ६० ते ९० व्होल्टच्या मध्ये कुठेतरी आकडा दिसेल, आणि नॉब फिरवून तो फारसा हलणार नाही. आता ‘वायर’वर टाका. नॉबबरोबर आकडा स्पष्ट खाली-वर झाला, समजा २० पासून ४० च्या आसपास, तर सीव्ही खरी आहे. काही इलेक्ट्रॉनिक सेट मात्र वायरच्या जागीही बिनलोडचं व्होल्टेज जास्तच दाखवतात. तिथे नेमप्लेट बघा: खाली उतरणारी रेषा म्हणजे सीसी, जवळजवळ आडवी सपाट रेषा म्हणजे सीव्ही. मॅन्युअलमध्ये प्रक्रियेचे आकडेही असतात. १११ म्हणजे रॉड, १३५ गॅससह भरीव तार, १३६ गॅससह फ्लक्स कोअर (पोकळ, आत फ्लक्स भरलेली तार), ११४ बिनगॅसची फ्लक्स कोअर.

सीव्ही असेल तर तिन्ही फीडर चालतील. नसेल तर कंट्रोल केबलवाला ठरावीक वेगाचा फीडर विकत घेऊच नका. मोटर फिरेल, तार येईल, पण बीड (वेल्डची रेघ) धड पडणार नाही.

तार_टॉर्च

वरचं सगळं बरोबर, फक्त सीसी सेटवाल्यांसाठी थोडं जोडतो, कारण आपल्याकडे साइटवर दिसणारे पुष्कळ जुने डिझेल सेट निव्वळ सीसीच आहेत.

सूटकेस फीडर वेल्डिंग केबलमधूनच स्वतःची वीज घेतो. त्याची एक बारीक वायर आणि चिमटा असतो, तो थेट कामाच्या लोखंडाला लावायचा. तार आणि तो चिमटा यांच्यातलं व्होल्टेज तो ओळखतो, म्हणून व्होल्टेज-सेन्सिंग. आत सीसी/सीव्ही असा खटका असतो. सीसीवर टाकला की आर्क लांबला, व्होल्टेज वाढलं, की तो तारेचा वेग वाढवतो. आर्क आखडला की कमी करतो. सेट करत नाही ते काम फीडर करतो. पण मोटर आणि गिअर फिरायला वेळ लागतो, आर्क त्याहून चपळ. त्यामुळे बारीक तारेला सीसीवर स्थिर आर्क मिळत नाही, आणि शॉर्ट-आर्कने (तार प्लेटला टेकत-सुटत) भरीव तार तर चालवूच नये. १.६ मिमी आणि वरची फ्लक्स कोअर तार, सपाट किंवा आडव्या स्थितीत, सीसीवरही बरी चालते. हॉपरची लायनर प्लेट, पट्ट्या, फ्रेमचे फिलेट (कोपऱ्यातले वेल्ड) इथपर्यंत ठीक. बार्जच्या तळाच्या बट जॉइंटला (कडेला कड जोडणाऱ्या) नको.

आणि हा आतला खटका विसरू नका. सेट सीव्हीवर आणि फीडर सीसीवर राहिला तर दोघेही एकाच वेळी आर्क सावरायला जातात. मग आर्क पंप मारल्यासारखा मोठा-लहान होत राहतो. लोक लायनर (टॉर्चमधली तारेची नळी) बदलतात, टिप बदलतात आणि दोष तसाच राहतो.

वजनाचाही विचार करा. लिंकनचा एलएन-२५ प्रो किंवा मिलरचा सूटकेस १२ व्हीएस रिकामाच साधारण १६ किलोचा. त्यात १५ किलोचं स्पूल म्हणजे ३० किलोच्या वर. मॅनहोलमधून बार्जच्या टाकीत उतरवायचा असेल तर २०० मिमी व्यासाचं, ५ किलोच्या आसपासचं छोटं स्पूल वापरा. त्याला ॲडॅप्टर लागतो, तो फीडरबरोबरच मागून घ्या.

कॉन्टॅक्टर, म्हणजे ट्रिगर सोडताच तारेची वीज तोडणारा स्विच, आत आहे ना, एवढं मात्र विचाराच. बिनकॉन्टॅक्टरच्या फीडरमध्ये ट्रिगर सोडला तरी तार जिवंत राहते. ओल्या बार्जमध्ये गुडघे टेकून काम करणाऱ्यासाठी तो फीडर स्वस्त असला तरी घेऊ नये.

सर्व्हेची_बाजू

फीडरपेक्षा तारेबद्दल सांगतो, कारण तार ठरली की फीडरचे रोलर, टॉर्च, पोलॅरिटी सगळं तिच्यामागून ठरतं.

नदीकाठी दुपारी खारा वारा सुटतो. गॅसच्या वेल्डिंगला वाऱ्याची मर्यादा एडब्ल्यूएस डी१.१ (अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची नियमावली) मध्ये ताशी ८ किमी आहे, आणि तीही वेल्डजवळ मोजायची. एवढा वारा अंगाला नुसता जाणवतो, धूळही उडत नाही. त्यापुढे गॅसची चादर फाटते आणि बीडमध्ये पिनहोल येतात. गॅसचा प्रवाह वाढवून हे सुटत नाही. मिनिटाला २५ लिटरच्या पुढे नोझलमध्येच घुसळण होऊन हवा आत ओढली जाते. १५ ते २० लिटर ठेवा आणि ताडपत्रीचा आडोसा बांधा. सकाळी वारा पडलेला असतो, बाहेरच्या बाजूचे बट तेव्हाच उरकून घ्यावेत.

बिनगॅसची ई७१टी-११ (हे तारेच्या वर्गाचं नाव) वाऱ्यात चालते, पण एक नीट समजून घ्या: या वर्गात आघात-चाचणीची (वेल्ड धक्का सोसतो का याची) अटच नाही. शिवाय जाडीवर निर्मात्याची मर्यादा असते, बारीक तारेला बहुधा ८ मिमीच्या आसपास. पाकिटावर किंवा डेटाशीटवर लिहिलेली असते, वाचा. तुमची १२ मिमीची प्लेट त्यात बसणार नाही. ई७१टी-जीएस तर एकाच पासची तार आहे, पत्र्याच्या गेटसाठी. दुसरा थर चढवला की तडा जायची भीती.

बार्जच्या शेलसाठी (बाहेरच्या प्लेटांसाठी) ई७१टी-१, १.२ मिमी, शंभर टक्के सीओटूखाली. बार्ज आयआरएस (इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग) वर्गातली असेल तर तारेला त्या संस्थेची मान्यता, साधारणपणे ३वाय ग्रेड, आणि त्या तारेवरची मंजूर वेल्डिंग प्रोसिजर लागते. रॉडची प्रोसिजर आणि रॉडवर पास झालेला वेल्डर हे तारेला लागू होत नाहीत. सर्व्हेयरशी हे बोलणं फीडर घेण्याआधी करा. कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या (गोव्याचं बंदर खातं) सर्व्हेची बार्ज असली तरी आधी विचारलेलं बरं, लावलेली प्लेट कापून काढण्यापेक्षा.

बिनगॅसची, जाडीला चालणारी आणि आघात-चाचणीची अट असलेली तार हवी तर ई७१टी-८ आहे. ती चालवायला हात वेगळा लागतो, व्होल्टेजची खिडकी अरुंद असते, अर्ध्या व्होल्टने बीड बिघडतो. सीसी सेटवर तिचा विचार करू नका.

जुवारीकाठ

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. मोजून बघितलं. ‘स्टिक’वर ७४ व्होल्ट, नॉबने हलत नाही. ‘वायर’वर २१ ते ३९, नॉबबरोबर सरळ बदलतं. नेमप्लेटवर दोन्ही रेषा आहेत. म्हणजे सीव्ही आहे.

आता दोन गोष्टी. ३० मीटर केबलवर तारेचं काम नीट होईल का? आणि केबलचा एक लाग (जाणारी किंवा येणारी बाजू) तांब्याचा आहे, दुसरा ॲल्युमिनियमचा. शिवाय पावसाळ्यासाठी सेटला व्हीआरडी (बिनलोडचं व्होल्टेज खाली आणणारी सुरक्षेची सोय) आहे, तो चालू ठेवून फीडर चालेल का?

वेर्णा_वेल्ड

सीव्ही आहे म्हटल्यावर काम सोपं झालं. केबलचा हिशेब मांडू.

तांब्याचा रोध मीटरला, एका चौरस मिमीला ०.०१७५ ओहम. जाणं ३० आणि येणं ३०, एकूण ६० मीटर. ५० चौरस मिमीला ०.०२१ ओहम होतात, २०० अँपिअरला ४.२ व्होल्ट खाल्ले. ७० चौरस मिमी घेतली तर ३ व्होल्ट. ३५ ची असती तर ६. ॲल्युमिनियमचा रोध ०.०२८ धरा: ५० चौरस मिमीत साधारण ६.७ व्होल्ट, दोन्ही लाग ॲल्युमिनियमचे असतील तर. तुमचा एक तांब्याचा, एक ॲल्युमिनियमचा, म्हणजे साडेपाच व्होल्टच्या आसपास. यात सैल लग (केबलच्या टोकाची जोडकडी) आणि गंजलेला अर्थ क्लॅम्प धरलेला नाही.

रॉडला हे कळत नाही, सीसी सेट व्होल्टेज वाढवून करंट भरून काढतो. सीव्हीवर हे सरळ आर्कमधून कापलं जातं. ई७१टी-१, १.२ मिमीला व्हर्टिकल चढत्या कामात आर्कवर २३ ते २५ व्होल्ट आणि १८० ते २०० अँपिअर लागतात. सेटवर २५ ठेवलेत तर आर्कला साडेएकोणीस पोचतील. बीड दोरीसारखा उंच उभा राहील, कडा चिकटणार नाहीत, तार ठोकरेल. सेटवर तीस-साडेतीस ठेवावे लागतील. तुमचा सेट ३९ पर्यंत जातो, तेव्हा जागा आहे. तरी दोन्ही लाग तांब्याचे करा, जमल्यास ७० चौरस मिमी. ॲल्युमिनियमच्या केबलची खरी अडचण लगमध्ये येते: खाऱ्या हवेत तांब्याच्या लगला ॲल्युमिनियम पांढरं पडतं, सांधा तापतो आणि व्होल्टेज दिवसभर सरकत राहतं. सकाळी जमलेली सेटिंग दुपारी चुकते ती बहुधा यामुळे.

उरलेली केबल गुंडाळी करून ठेवू नका. जमिनीवर नागमोडी पसरा. गुंडाळीमुळे इंडक्टन्स वाढतो, केबलही तापते आणि आर्क सुस्तावतो.

आता फीडर. ३० मीटरला तुमच्यासाठी सूटकेस, व्होल्टेज-सेन्सिंग, सीव्हीवर टाकून. कंट्रोल केबलवाल्या फीडरचा मोठा फायदा असा की व्होल्टेज हातातल्या फीडरवरून बदलता येतं आणि ट्रिगर सोडला की सेटचं आउटपुटच बंद होतं. पण ३० मीटरची बहुपिनी केबल बार्जच्या कडांवरून ओढली जाते, तिच्यावर प्लेट पडते, पिना खाऱ्या पाण्याने हिरव्या होतात, आणि एक पिन गेली की दिवस बसून जातो. वर्कशॉपमध्ये, १० मीटरच्या आत, मी तोच घ्यायला सांगितलं असतं. सूटकेसवर व्होल्टेज बदलायला सेटपर्यंत माणूस पाठवावा लागतो, हा तोटा आहेच. पण त्याचा मीटर आर्कजवळचं व्होल्टेज दाखवतो, त्यामुळे वरचा केबलचा हिशेब दरवेळी करायला नको: ट्रिगर दाबून आर्क चालू असताना वाचा, २४ पाहिजे तर २४ दिसेपर्यंत सेटवर वाढवा.

व्हीआरडीचं: चालू ठेवून सूटकेस फीडर बहुधा जागाच होणार नाही. व्हीआरडी बिनलोडचं व्होल्टेज अगदी खाली आणतो, आणि फीडरला त्याच व्होल्टेजमधून वीज घ्यायची असते. बऱ्याच सेटवर ‘वायर’ला टाकलं की व्हीआरडी आपोआप बाजूला होतो, मॅन्युअलमध्ये बघा. सीव्हीमध्ये बिनलोडचं ३९ च्या आतच आहे, ७४ नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. मात्र कंट्रोल केबल नसल्यामुळे सेटचं आउटपुट सतत चालू ठेवावं लागतं. म्हणून त्याच स्टडवर रॉडचा होल्डर जोडलेला ठेवायचा नाही. तो ओल्या प्लेटवर पडला की तिथेच आर्क मारतो.

तार_टॉर्च

जोडणीचे बारकावे लिहितो, कारण नवा फीडर पहिल्या आठवड्यात बिघडलेला वाटतो तो यातल्याच एकामुळे.

पोलॅरिटी: ई७१टी-१ ला टॉर्च प्लसवर. ई७१टी-११, जीएस, टी-८ ला टॉर्च मायनसवर. उलटी झाली तर स्पॅटर फार, बीड उंच, भेदन कमी. तार बदलली की केबल बदलायची, हे फीडरच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवा.

रोलर: फ्लक्स कोअरला दातेरी व्ही खाच, भरीव तारेला साधी व्ही. दाब किती? लाकडी ठोकळ्यावर टॉर्च दोन इंचांवरून तिरकी धरून तार सोडा. तार वाकून गोल वळली पाहिजे. रोलर घसरले तर थोडं घट्ट करा. पण पिळून बसवलंत तर पोकळ तार चपटी होते, दात तांबूस चुरा पाडतात, तो लायनरमध्ये साठतो आणि दहा दिवसांनी फीड अडखळतो. स्पूलचा ब्रेक एवढाच की ट्रिगर सोडल्यावर स्पूल लगेच थांबावं, बस्स.

टिप ते प्लेट अंतर १.२ मिमीला १६ ते २० मिमी. रॉडच्या सवयीने हात जवळ जातो, आणि आखूड अंतरावर तारेतली दमट हवा जळून जायला वेळच मिळत नाही. मग स्लॅगखाली किडा चालल्यासारख्या लांबट खुणा दिसतात. त्या दिसल्या तर आधी अंतर वाढवा, मग व्होल्टेज एक-दीडने कमी करून बघा, तरी राहिल्या तर तार दमटली आहे. जून ते सप्टेंबर स्पूल रात्री फीडरमध्ये ठेवूच नका. काढा, सिलिका जेलबरोबर जाड पिशवीत बंद करा. वर गंजाचा ठिपका दिसला की वरचे दोन थर काढून टाका, तरी ठिपके असले तर शेलच्या कामातून ते स्पूल बाद.

ऑटो-आयडल बंद. मंद इंजिनवर ट्रिगर दाबला की वेग धरेपर्यंत पहिला इंचभर बीड थंड पडतो, आणि गळती बहुतेक सुरुवातीच्या इंचातच सापडते.

सर्व्हेची_बाजू

टाकीत काम असेल तर एक महत्त्वाचं. सीओटू हवेपेक्षा जड, तळाला साचतो. गॅसची नळी, टॉर्च जेवणाच्या सुट्टीत टाकीत सोडून येऊ नका, गळका व्हॉल्व्ह तासाभरात तळ भरतो. हवा ओढणारा पंखा तळाशी, ऑक्सिजन मीटर हातात, मॅनहोलवर माणूस. बिनगॅसची तार टाकीत आणखी वाईट, तिचा धूर दाट.

सिलिंडर उभाच बांधा, आडवा केला तर द्रव सीओटू रेग्युलेटरमध्ये येतो. ३० किलोच्या सिलिंडरात साधारण १६,००० लिटर गॅस निघतो. १५ लिटरने आर्क चालू असलेले १७-१८ तास. रेग्युलेटर गोठतो, हीटर लागतो. तो सेटच्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर चालवा, हीटरवर लिहिलेलं व्होल्टेज आधी वाचून, कारण ३६ आणि ११० चेही मिळतात.

कुंडई_शॉप

स्पूल गनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. ती ॲल्युमिनियमसाठी, अर्ध्या किलोच्या आसपासचं स्पूल. तुमच्या कामाला नाही.

आणखी एक पर्याय काही लोक सुचवतील: सेटच्या २३० व्होल्टच्या सॉकेटवर छोटी इन्व्हर्टर मिग मशीन लावायची. हिशेब करा. २०० अँपिअरला २४ व्होल्ट म्हणजे ४.८ किलोवॅट. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के, पॉवर फॅक्टर ०.७ धरला तर ८ केव्हीए. तुमच्या सॉकेटवर तेवढं मिळतं का बघा. ५ केव्हीएचं सॉकेट असेल तर १२० अँपिअरच्या आसपास थांबा. ६ मिमीच्या आतल्या च्यूट आणि गार्डसाठी चालेल, आणि मशीन कामाशेजारी नेता येत असल्याने वेल्डिंग केबलचं व्होल्टेजही फारसं जात नाही. बार्जच्या १२ मिमीला नाही.

लोडरच्या बकेटला पट्ट्या लावताना अर्थ क्लॅम्प बकेटलाच लावा, चेसिसला नाही. करंट पिन-बुशमधून गेला की तिथे चटके बसतात. बॅटरीची वायर आणि इंजिनच्या ईसीयूचा (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल पेटीचा) प्लग आधी सोडवा. सूटकेसचा सेन्सिंग चिमटाही त्याच बकेटला, क्लॅम्पपासून हातभर लांब, घासून चकचकीत केलेल्या जागेवर. तो रंगावर बसला तर मीटर उड्या मारतो आणि फीडर मध्येच बंद पडतो.

जुवारीकाठ

ठरलं. कॉन्टॅक्टरवाला सूटकेस, दोन्ही लाग ७० चौरस मिमी तांब्याचे, १.२ ची ई७१टी-१. प्रोसिजरसाठी सर्व्हेयरला आधी भेटतो. एका बाजूने मारायच्या प्लेटांना रूटला (जोडाच्या तळाच्या पहिल्या थराला) काय करायचं?

सर्व्हेची_बाजू

सिरॅमिक बॅकिंगच्या पट्ट्या मागून चिकटवा, फट ४ ते ६ मिमी, रूटला १७०-१८० अँपिअर. प्लेट कोरडी आणि घासलेली हवी, ओल्यावर पट्टी सुटते. प्रोसिजरच्या कागदात बॅकिंगचा उल्लेख वेगळा लिहून घ्या, नाहीतर मंजुरी बिनबॅकिंगची निघते.